ईश्वरप्पांची राखण

जगदेवीबाई हुडगे सात वर्षांच्या असताना देवणीच्या बाजारात त्यांना कुत्रं चावलं होतं. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली ती पोर पुढं पन्नास वर्षं कुत्रं दिसलं की रस्त्याची बाजू बदलत आली. लग्न होऊन उदगीरला आली तरी खोड गेली नाही. त्यामुळं वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या शिवमनं एका सकाळी हातातला पट्टा पुढं केला, तेव्हा जगदेवीबाई दोन पावलं मागंच सरकल्या.

"मावशी, फक्त पंधरा दिवस," शिवम म्हणाला. तो बँकेत होता आणि त्याची बदली गुवाहाटीला झाली होती. "तिकडं घर मिळालं की येऊन घेऊन जातो हिला."

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तीन वर्षांची जर्मन शेफर्ड मादी बसली होती. काळी पाठ, तांबूस पाय, ताठ कान. बसली तरी तिचं डोकं जगदेवीबाईंच्या कमरेला लागत होतं. नाव होतं ब्रँडी.

"असलं नाव ठेवलास व्हय रे?" जगदेवीबाई म्हणाल्या. "गळ्यात लिंग बांधलेली बाई मी. गल्लीत उभारून ब्रँडी, ब्रँडी म्हणून हाका मारू?"

त्या नाहीच म्हणणार होत्या. पण मागून त्यांचे यजमान ईश्वरप्पा आले, वाकले, कुत्रीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "हिला आत घे. ऊन लई हाय."

हे एवढं सरळ, पुरतं वाक्य ईश्वरप्पांच्या तोंडून कित्येक दिवसांनी आलं होतं. जगदेवीबाईंनी पट्टा हातात घेतला.

ईश्वरप्पांचं चौबाऱ्याजवळ चाळीस वर्षं किराणा दुकान होतं. मग त्यांना विसर पडायला लागला. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग वारांची, मग मुलीचं नाव गेलं. मुलगी दामिनी पुण्याला असते. तिनं डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू केल्या, पण डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की गेलेलं परत यायचं नाही. दुकान विकलं. आता तिथं मोबाईलवाला बसतो. पण रोज सकाळी नऊ वाजले की ईश्वरप्पा टोपी घालायचे, खिशात कसली तरी किल्ली टाकायचे आणि दाराकडं निघायचे. जगदेवीबाई हात धरायच्या. ते हिसडा मारायचे. "सोड! गिऱ्हाईक थांबलंय!" एकदा त्या हिसड्यानं त्या उंबऱ्यावर पडल्या. एकदा दाराला कुलूप लावलं, तर ईश्वरप्पांनी मुठी आपटून आपटून हात रक्ताळून घेतले. एकदा तर बिदर रोडला भर रहदारीत मधोमध उभे सापडले.

अशा घरात आता हे धूड आलं.

पंधराचे तीस दिवस झाले. शिवमचा फोन आला, "मावशी, इथं काही जमत नाही. कुणाला तरी देऊन टाका."

"देऊन टाकायला ती काय जुनी सायकल हाय का?" म्हणून जगदेवीबाईंनी फोन ठेवला. त्याच दिवशी ब्रँडीची बंडी झाली. त्यांच्या घरी निम्मं बोलणं कानडीत चालायचं, आणि कानडीत बंडी म्हणजे गाडी. फिरायला नेलं की ती ओढायचीही बैलगाडीसारखीच.

पण बंडी खाईना. दहीभात हुंगून बाजूला व्हायची. भाकरी दुधात कुस्करून दिली, तर दूध तेवढं चाटायची. बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा जगदेवीबाईंनी तिला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर तनुजा तरुण, पण बोलायला रोखठोक.

"आजी, तुमच्यासारखं जेवण हिला चालत न्हाई. एवढं मोठं हाड हाय. मटण न्हाई तर निदान अंडी तरी द्यायला लागतील."

जगदेवीबाईंच्या माहेरी नि सासरी सात पिढ्यांत कुणी अंड्याला हात लावला नव्हता. दोन दिवस त्या दूधभाकरीच पुढं करत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी लिंगपूजा झाल्यावर तळहातावरच्या लिंगाकडं बघून म्हणाल्या, "शिवा, तिला तसं पोट तूच दिलास. मग आता माझ्यावर रागं भरू नको." माडीच्या जिन्याखाली जुना स्टोव्ह ठेवला, एक वेगळं पातेलं, एक वेगळा चमचा. अंडं पाण्यात सोडताना त्यांनी पदर नाकाला लावला होता. अंडी उकडून झाल्यावर डोक्यावरून पाणी घेतलं, मगच स्वयंपाकघरात गेल्या. बंडीनं मात्र टरफलसुद्धा ठेवलं नाही.

गोष्ट लपून राहते थोडीच? नणंद मल्लम्मा आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, "अंडी शिजत्यात म्हणं तुझ्या घरात. मी पाणी पिणार न्हाई." आणि खरंच प्यायल्या नाहीत. तेव्हापासून येतात, तासभर बसतात, भावाची विचारपूस करतात, पण पाण्याची बाटली घरून आणतात. जगदेवीबाईंना ते लागलं. आजही लागतं.

बंडीचं करणं म्हणजे दिवसभराचं काम. सोफ्यावर, सतरंजीवर, पूजेच्या पाटावरसुद्धा केस. उन्हाळ्यात उदगीरची फरशी तव्यासारखी तापते आणि हिच्या अंगावर दुहेरी घोंगडं. मग पहाटे पाचला फिरवून आणायचं, दुपारी ओलं पोतं अंथरायचं, कूलर तिच्याकडं वळवायचा. कुत्र्याची जुनी भीती कधी सरली ते कळलंच नाही; कंगव्यानं केस विंचरताना जगदेवीबाई तिच्याशी बोलत बसायच्या. घरात बोलण्याला उत्तर देणारं तसंही कुणी उरलं नव्हतं. बंडी मान तिरकी करून ऐकायची. "बा इल्ली," असं कानडीत जवळ बोलावलं की यायची.

एके दिवशी दुपारी शेजारच्या नीलाबाईंचा आरडाओरडा ऐकू आला. "खाल्ली गं बाई! माझी शेरडं खाल्ली!" बंडीचा पट्टा तुटला होता. जगदेवीबाई पायात चप्पल न घालता धावल्या. बघतात तर नीलाबाईंच्या चारही शेळ्या भिंतीच्या कोपऱ्यात दाटीवाटीनं उभ्या, आणि बंडी पुढचे दोन पाय पसरून, पोट जमिनीला टेकून त्यांच्याकडं बघत पडलेली. एक शेळी बाहेर निघाली. बंडी उठली, त्या बाजूला जाऊन उभी राहिली. शेळी मागं वळली. बंडी परत बसली. कुणाच्या अंगावर ओरखडा नव्हता.

डॉक्टर तनुजांना हे सांगितलं तर त्या हसल्या. "आजी, हिच्या जातीचं कामच ते. कळप राखायचा. काम न्हाई मिळालं की ही काम शोधणार."

ते काम तिनं आधीच शोधलं होतं, हे जगदेवीबाईंना पुढच्याच आठवड्यात कळलं. त्या आंघोळीला गेल्या असताना कडी नीट लागली नव्हती. बाहेर आल्या तर दार उघडं, ईश्वरप्पा नाहीत, बंडी नाही. ओल्या केसांनी त्या गल्लीत धावल्या. कोपऱ्यावर दोघं दिसले. हाक मारायला तोंड उघडलं, आणि तशाच थांबल्या.

ईश्वरप्पा मोठ्या रस्त्याकडं वळत होते. बंडी त्यांच्या पुढं जाऊन आडवी उभी राहिली. भुंकली नाही, धोतर ओढलं नाही. नुसती उभी. ईश्वरप्पा थांबले, जरा डावीकडं झाले. तीही झाली. मग ते उजवीकडं वळले, आणि बंडी त्यांच्या बाहेरच्या अंगाला येऊन, मांडीला पाठ घासत चालू लागली. चार पावलं, परत थोडा रेटा. चार पावलं, परत रेटा. कोपऱ्यावरच्या देवळाला वळसा पडला आणि दोघं घराच्याच तोंडाला आले. ईश्वरप्पांना कुणी अडवल्याचं कळलंही नव्हतं. दारात येऊन ते समाधानानं म्हणाले, "झालं. आज गर्दी नव्हती."

जगदेवीबाई पायरीवर बसून राहिल्या. त्यांना त्या उंबऱ्यावरच्या पडण्याची, कुलपाची आठवण झाली. आपण एवढे दिवस त्यांना ओढत होतो. या मुक्या जनावरानं ओढलं नाही. जिकडं जायला नको तिकडं ते फक्त उभं राहिलं.

मग रोजचंच झालं. नऊ वाजता ईश्वरप्पा पुढं, बंडी बाजूला, जगदेवीबाई दहा पावलं मागं. गल्लीतली माणसं म्हणायची, कुत्रं मालकाला फिरवायलंय. फिरवू दे की! घरातली आदळआपट थांबली. ईश्वरप्पा दोन घास जास्त जेवायला लागले.

असं चार वर्षं चाललं. मग गेल्या दिवाळीत बंडी फरशीवर घसरली आणि तिला उठता येईना. डॉक्टर तनुजांनी एक्स-रे काढला. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत होतं, म्हणाल्या, खुबा ढिला पडतो. पुरतं बरं व्हायचं नाही. वजन वाढू द्यायचं नाही, गुळगुळीत जमिनीवर चालवायचं नाही, आणि उठवताना पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचलायचा. जगदेवीबाईंनी घरभर सतरंज्या आणि पोती अंथरली. मागच्या दोन पायांचा भार टॉवेलवर तोलत त्या बंडीला सकाळ-संध्याकाळ अंगणात नेतात.

दामिनी फोनवर रडली. "आई, या वयात तू किती जणांचं करणार?"

"दोघांचं," जगदेवीबाई म्हणाल्या. "मोजलं तर जास्त न्हाईत."

आता नऊ वाजता ईश्वरप्पांबरोबर त्याच जातात. हात धरत नाहीत, हाका मारत नाहीत. रस्त्याच्या अंगाला राहतात, खांदा खांद्याला लागेल इतक्या जवळ, आणि देवळापाशी हळूच वळण घेतात. परवा चालता चालता ईश्वरप्पा थांबले. त्यांनी जगदेवीबाईंकडं नीट बघितलं आणि अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या म्हणायच्या?"

जगदेवीबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "हुडग्यांच्या."

"हाव? मी पण त्याच घरचा की."

"मग चला, एकाच वाटेनं जाऊ."

घरी आले तेव्हा बंडी दारातल्या पोत्यावर पडली होती. उठली नाही, पण शेपटी जमिनीवर आपटली. ईश्वरप्पा तिच्याजवळ पायरीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि चहा मागितला. जगदेवीबाई आत गेल्या आणि आधण ठेवलं.