तिसरे रीळ

रंगनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. फुलंब्रीहून त्याचा धाकटा मुलगा बोलत होता. "सर, दादा सकाळी गेले," एवढेच म्हणाला. त्याला पाच आठवडे झाले. या अवधीत रंगनाथवर दोन लेख छापून आले, एक शोकसभा झाली. लेखकांचा हेतू चांगला असेल. मजकूर मात्र चुकीचा आहे, आणि चुकीच्याला चुकीचे म्हणण्याची माझी सवय या वयात सुटण्यासारखी नाही.

पहिल्या लेखात त्याला 'प्रोजेक्टर चालवणारा साधाभोळा माणूस' म्हटले आहे. रंगनाथ साधा होता, भोळा मुळीच नव्हता. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर सरकारी प्रचाराची मोटार फुलंब्रीला आली आणि तिने धोतराच्या पडद्यावर सिनेमा दाखवला. तेव्हा गावातली सगळी पोरे पडद्यासमोर बसली होती. हा एकटा मोटारीपाशी उभा राहून यंत्राकडे बघत होता. पुढे तो आमच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. मी तिथे इतिहास शिकवत असे. आम्ही काही जणांनी चित्रपट मंडळ काढले तेव्हा प्रोजेक्टर त्याच्याकडे आला. मुंबईहून रेल्वे पार्सलने रिळांचे डबे येत. शनिवारी दुपारी सभागृहाची दारे लावून रंगनाथ सगळा चित्रपट एकटा बघून घेई आणि मगच रविवारी सकाळी तो आम्हाला दाखवी. इंग्रजी त्याला येत नव्हते. तरीही माणूस कुठे खोटा रडतो आणि कुठे खरा, हे तो आम्हा प्राध्यापकांच्या आधी सांगत असे. मी तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसत असे. सगळे स्थिरस्थावर झाले की मागे न बघता हात वर करायचा आणि वरच्या खिडकीतून प्रकाशाचा झोत यायचा, असा आमचा रिवाज होता.

दुसरा लेख अधिक गंभीर आहे. त्यात लिहिले आहे, की शहरात आंदोलन पेटलेले असताना रंगनाथने पोलिसांना भिऊन एका परदेशी चित्रपटातले उठावाचे रीळ गाळले. हा आरोप गेली पन्नास वर्षे या शहरात फिरतो आहे. त्याचा उगम मला पक्का ठाऊक आहे, कारण तो पहिल्यांदा मीच केला होता.

तो चित्रपट मीच मुंबईहून आलेल्या यादीतून निवडला होता. बायको वारलेला एक घड्याळजी तिची शाल तिच्या माहेरी पोचवायला निघतो, वाटेतल्या शहरात उठाव होतो आणि तो तिथे अडकतो. यादीत यातले फक्त 'उठाव' एवढेच होते, आणि मला तेवढेच हवे होते. रस्त्यावर विद्यार्थी होते, संचारबंदी आता फक्त रात्रीपुरती उरली होती. पण डबे येईपर्यंत माझीच पत्नी, इंदू... गेली. चौतिसाव्या दिवशी तो रविवार आला. घरी बसून राहणे मला मानवणारे नव्हते. मी गेलो आणि हात वर केला.

चार रिळांचा चित्रपट होता. दुसरे संपले तेव्हा घड्याळजी लॉजच्या खिडकीतून जमाव बघत होता. त्यानंतर पडद्यावर एकदम नदीकाठ आला. शहर नाही, जमाव नाही, त्याच्या हातात शालही नाही. लोकांनी आरडाओरडा केला. रंगनाथ खाली येऊन म्हणाला, "तिसरं रीळ खराब निघालं." आमच्यातल्या एका वकिलाने वर जाऊन ते तपासले. रीळ धडधाकट होते. फाटकाशी दोन पोलीस उभे होते, त्यामुळे निष्कर्ष काढायला वेळ लागला नाही. बाहेर चहाच्या टपरीवर सर्वांदेखत मी त्याला म्हणालो, "रंगनाथ, तू भित्रा आहेस."

त्याने कप खाली ठेवला. "असंल, सर," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या दारात आला. पार्सल संध्याकाळच्या गाडीला टाकायचे होते, त्याआधी चला म्हणाला. मी रागातच गेलो. त्याने मला माझ्या खुर्चीवर बसवले, दारे लावली आणि शेजारी उभा राहिला. "काल शंभर माणसांत तुम्हाला हे बघावं लागलं असतं. आज एकटं बघा. नको असंल तर डबा बंद करतो." तो वर गेला. बऱ्याच वेळाने मी हात वर केला.

तिसऱ्या रिळात जमाव कचेरीचे फाटक तोडतो. गोळीबार होतो. घड्याळजी एका बंद औषधाच्या दुकानात शिरतो, आणि तिथल्या वासाने त्याला दवाखान्याचा तो दिवस आठवतो... लांब व्हरांडा, समोरून येणारी परिचारिका, तिच्या हातात घडी केलेली शाल. ती शाल त्याच्या हातात देते. पस्तीस दिवसांपूर्वी मलाही तशीच शाल तशीच हातात मिळाली होती. त्या वेळी शेजारी जेवणाचा डबा घेऊन एकच माणूस उभा होता: रंगनाथ. इंदू गेल्यावर मी रडलो नव्हतो, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. त्या दुपारी त्या रिकाम्या सभागृहात तो अभिमान संपला. रीळ संपून पडदा पांढरा झाला, मग यंत्रही थांबले. दिवे मात्र लागले नाहीत. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग वरून हळूच आवाज आला, "दिवे लावू का, सर?"

मी त्याला म्हणालो, उद्या मंडळाची बैठक बोलावतो आणि सगळ्यांना खरे सांगतो. डब्याचे झाकण लावत तो म्हणाला, "कशाला? मला भित्रा म्हणतेत, म्हणू द्या. मला चालतं. तुम्हाला कुणी बिचारा म्हणलं तर तुम्हाला खपायचं नाय." त्याने माझ्याकडून शब्द घेतला. मी तो पाळला, आणि पाळताना तो माझ्या किती सोयीचा आहे हेही मला कळत होते. त्यानंतर कित्येक वर्षे आम्ही रविवारमागून रविवार चित्रपट पाहिले. त्या तिसऱ्या रिळाचा विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही. माझ्या आयुष्यात मला विद्या देणारे पुष्कळ भेटले. माझी पडती बाजू झाकण्यासाठी स्वतःचे नाव खराब होऊ देणारा हा एकच.

शोकसभा त्याच सभागृहात झाली. वरची खिडकी आता फळी ठोकून बंद केली आहे. मी तिसऱ्या रांगेत कडेला बसलो. लोक स्थिरस्थावर झाले आणि माझा हात आपोआप वर गेला. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला वाटले, सरांना बोलायचे आहे; तिने माईक आणून हातात दिला. मी उभा राहिलो. "रंगनाथ..." एवढेच म्हणालो. शंभर माणसांसमोर माझे डोळे वाहत होते. माईक परत देऊन मी बसलो, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी हळू म्हणाले, "बिचारे."

रंगनाथ, मी ते ऐकले. मला खपले.