दावं घरी, गाडी मलकापूरला

आमची मेटाडोर विकायची, हे मीच ठरवलं होतं. आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

मूळची ती दुधाच्या कॅनांची गाडी. आमची मुलगी पिंकी पहिलीत होती तेव्हा आमच्या ह्यांनी ती जुनी म्हणूनच विकत आणली आणि सुताराला हाताशी धरून तिचं चाकांवरचं घर केलं. दोन बाकं (रात्री त्यांचेच पलंग), स्टोव्हपुरता ओटा, खिडक्यांना माझ्या जुन्या साडीचे पडदे. दर सुट्टीत आम्ही तिघं निघायचो. लोणार, वेरूळ, एकदा तर थेट कोकण! थेट म्हणजे वाटेतली सगळी गॅरेजं करत. उन्हात गाडीला अजून दुधाचा वास यायचा आणि जिथे थांबू तिथली मांजरं आमच्या स्वागताला यायची.

आता पिंकी पुण्याला नोकरी करते. ह्यांचा गुडघा क्लच दाबायला साफ नकार देतो. गाडी अंगणात उभी, आणि हे रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन तिच्यात ड्रायव्हरच्या जागेवर बसायचे. काच खाली, कोपर बाहेर!

"कुठवर पोचले?" मी स्वयंपाकघरातून विचारायची.

"मेहकर येऊन राह्यलं," हे म्हणायचे.

म्हणायचे हसत, पण मला ते बघवत नसे. मागची दोन्ही बाकं रिकामी आणि हे एकटेच मेहकरला निघालेले. म्हणून म्हटलं, विकून टाकू. डोळ्यांसमोर नको.

गिऱ्हाईक मलकापूरहून आलं. सलीमभाई. त्यांना हायवेला चहा-नाश्त्याची गाडी टाकायची होती. मोठा सभ्य माणूस. ते वाकून वाकून गाडी बघू लागले आणि मी उत्साहानं माहिती देऊ लागले.

"हा डाग काह्यचा हो, ताई?"

"आमरसाचा. वेरूळच्या रस्त्यावर पिंकीनं सांडला."

"इथं पत्रा चेपला दिसते."

"हे माकडावर ओरडत होते, अन् ओरडता ओरडता गाडी दगडावर घातली."

"अन् ह्या बाकाले कोणी चावल्यासारखं..."

"चावलंच आहे! पिंकीचा दात हलत होता."

सलीमभाई सरळ उभे राहिले. "ताई, तुम्ही गाडी विकून राह्यल्या का पोरगी देऊन राह्यल्या?"

मी हसले. हे हसले नाहीत.

तरी सौदा झाला. आतल्या सामानासकट न्यायची, ही अट माझी. (घरात पसारा नको, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे त्या उशा, ते पातेलं, पिंकीचा स्वेटर एकेक करून बाहेर काढायला माझा हात धजेना.)

निघायच्या वेळी मी गाडीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, नारळ फोडला. सलीमभाईंनीही हात जोडले. एवढ्यात हे ओरडले, "थांबा! दावं राह्यलं!"

आता हे पडले बीबी गावच्या शेतकऱ्याच्या घरातले. त्यांच्याकडे गाय विकली, बैल विकला, तरी गळ्यातलं दावं काढून घेतात. जनावर जाईल, पण त्याच्या दोरीबरोबर गोठ्याची बरकत जाऊ द्यायची नाही.

"अहो, गाडीले कुठचं दावं?" मी विचारलं.

"हाय ना!" म्हणत हे मागच्या बाजूला गेले आणि एक पिवळी नायलॉनची दोरी सोडून घेऊन आले. तिची नीट गुंडाळी केली, छातीशी धरली. मला इतकं भरून आलं की ही दोरी मुळात कशासाठी बांधली होती, हा प्रश्नच पडला नाही. ह्यांनाही पडला नाही. सलीमभाईंना तर पडायचं कारणच नव्हतं!

मागच्या दाराची कडी कोकणात तुटली होती. तेव्हापासून ते दार त्या दोरीच्या भरवशावर होतं.

शेजाऱ्यांनी धक्का दिला, गाडीनं धूर सोडला आणि ती गेली. आम्ही फाटकात उभे. दोन मिनिटांत कोपऱ्यावरचा दुकानदार धावत आला. "काकू, तुमची उशी पडली ना रस्त्यात! अन् पातेलंही!"

मी स्कूटी काढली. हे मागे बसले, छातीशी दावं. चिखलीच्या रस्त्याला आमचा संसार ओळीनं मांडलेला होता. उशी. पुढे पातेलं. स्टोव्ह पानटपरीसमोर, आणि टपरीवाला त्याला पंप मारून बघत होता! पिंकीचा स्वेटर मात्र एका बकरीच्या ताब्यात गेला होता. एक बाही तिच्या तोंडात, दुसरी माझ्या हातात.

"सोड बे!" मी भर रस्त्यात किंचाळले.

"मॅडम, मी धरू का बकरी?" मागून कुणीतरी अदबीनं विचारलं. माझाच विद्यार्थी! ज्याला मी वर्षभर शुद्ध बोलायला शिकवलं होतं, तोच.

गावाबाहेर मेटाडोर थांबलेली दिसली. सलीमभाई उघड्या दाराकडे बघत डोकं खाजवत होते. "ताई, म्या तं तुमचं पूर्ण घर सांडत आलो! भाऊ, ते दोरी द्या, बांधून टाकतो."

ह्यांनी दोरी घट्ट धरली. "ते नाही जमत. दावं हाय ते."

"मंग काय मलकापूर येईस्तोवर दार हातानं धरू? मध्ये घाट हाय, भाऊ!"

दोघांची हुज्जत चालली असताना मी एकेक वस्तू आत ठेवू लागले. उशी ठेवली, पातेलं ठेवलं, स्टोव्ह ठेवला. स्वेटरपाशी हात थांबला. सौद्यात तो सलीमभाईंचा होता. त्यांनी पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ते राहू द्या तुमच्यापाशी. चहाच्या गाडीत लेकराचं स्वेटर कायले पाह्यजे?"

आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. चांगली मोठ्यानं!

"लोकं पाहून राह्यले," हे म्हणाले, आणि दाव्याच्या टोकानं स्वतःचे डोळे पुसू लागले. शेवटी मीच खिडकीचा पडदा ओढून काढला आणि दार त्यानं बांधून दिलं. दावं घरी राहिलं, साडी मलकापूरला गेली.

पिंकीनं फोनवर विचारलं, "बरं झालं ना, आई, गेली ते?" मी हो म्हटलं. आणि स्वेटरची बकरीनं चघळलेली बाही शिवायला घेतली.

पुढे ह्यांचे डोळे दाखवायला आम्ही मलकापूरला गेलो. (डोळ्यांचे डॉक्टर आमच्या देऊळगाव राजातही आहेत.) मग चष्मा आणायला गेलो. मग चष्मा सैल होतो म्हणून गेलो. दर वेळी सलीमभाई आम्हाला मेटाडोरमधल्या आमच्याच बाकावर बसवतात. बाजूनं ट्रक गेला की बाक थरथरतं, मी डोळे मिटते, आणि आम्ही तिघं कुठंतरी निघालोय असं वाटतं. गाडी अंगणात होती तेव्हा मी तिच्यात एकदाही जाऊन बसले नाही. आता एसट्या बदलत, घाट उतरून, चहाचे पैसे मोजून बसते. आणि सलीमभाई दर वेळी अगदी नम्रपणे सांगतात, "ताई, उठता का आता? गिऱ्हाईक उभं हाय."