तळ्याची भिंत आणि आत्याबाईंचा अंगठा

माझी सासू अडाणी होती, पण तिच्या अंगठ्याला वजन होतं. सासरे वारल्यावर गावची पाटीलकी तिच्या नावावर आली होती, आणि निजाम सरकारच्या उर्दू कागदावर तिचा अंगठा उठल्याशिवाय गावातलं सरकारी काम पुरं झालं असं धरत नसत. मी तिला आत्याबाई म्हणायचे.

एका पावसाळ्यात गावच्या तळ्याची दगडी भिंत खचली आणि भरलेलं तळं चार दिवसांत रिकामं झालं. तो उन्हाळा आम्ही बायकांनी नदीच्या वाळूत झिरे उकरून काढला. वाटीवाटीनं घागर भरायची. आमच्याकडचा पाऊस कुणाच्या बापाचा नोकर नाही, तेव्हा तळं हीच काय ती पुढच्या सालाची तरतूद. म्हणून भिंतीला सरकारनं पैसा मंजूर केला तेव्हा गावानं आनंदानं नारळ फोडला.

कामाचा मक्ता घेतलेला गुत्तेदार आला, त्यानं बैल जुंपून चुना मळायची घाणी मांडली. चुना पंधरा दिवस तरी मळावा लागतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. याची घाणी दोन दिवस फिरली आणि तिसऱ्या दिवशी बैल सावलीत रवंथ करत बसले. भिंत मात्र भराभर चढली. वरचा गिलावा इतका गुळगुळीत, की माणसं त्यावरून हात फिरवत.

गावात जुनी रीत होती. भिंत वाळली की सांध्यातला चुन्याचा गोळा कोरायचा, रात्रभर पाण्यात ठेवायचा आणि सकाळी बघायचं, साबूत राहिला की विरघळला. आत्याबाईंनी तेच केलं.

तहसीलदार चावडीत बसले, शेजारी गुत्तेदार काम पुरं झाल्याचा कागद घेऊन उभा. आत्याबाई कपाळावर पदर ओढून उंबऱ्याशी बसल्या, समोर तांब्या. साहेब गोड बोलले, सरकारनं रयतेसाठी केवढा खर्च केला ते सांगितलं. माझे चुलत सासरे हळूच वाकले. "वैनी, लावा की अंगठा. कावून सरकारशी वैर घेता? पाटीलकी जाईल."

आत्याबाईंनी तांब्या पुढे सरकवला. "साहेब, ह्यात भिंतीचा गोळा हाय. साबूत काढून दावा, मंग अंगठा घ्या."

साहेबांनी हात घातला तो मनगटापर्यंत चिखलानं भरून वर आला. तेवढ्यात मागून कुणीतरी पदराआड फिस्सकन हसलं. ती मी होते.

महिन्याभरात पाटीलकी चुलत सासऱ्यांच्या नावावर गेली. त्यांनी त्याच दिवशी अंगठा लावला. सुनेच्या हसण्यानं पाटीलकी बुडाली, असं ते गावभर सांगत फिरले. सांगोत बापडे. ते हसू मी अजूनही परत घेत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी आमचे दोन बैल घाणीला जुंपले. मग शेजारच्यांचे आले, मग अर्ध्या गावाचे. मृग लागेपर्यंत आम्ही चुना मळला, सांधे कोरून पुन्हा भरले. सरकारनं साधं विचारलंसुद्धा नाही.

पोळ्याला पाटलाचे मानाचे बैल म्हणून चुलत सासऱ्यांची जोडी तोरणाखालून आधी गेली. मला फार लागलं, मी चुलीपाशी जाऊन रडले. आत्याबाई आमच्या बैलांच्या सोललेल्या खांद्यांना लोणी चोळत बसल्या होत्या.

पुढच्या साली पाऊस दोनदा भुरभुरला आणि गेला. नेकनूरच्या बाजारात लोक कवडीमोलानं गुरं विकत होते. आमच्या तळ्यात चैत्रातही गुडघाभर पाणी होतं. एका सकाळी चुलत सासरे गुरं घेऊन काठावर आले आणि तिथंच थांबले. गावचे पाटील ते, त्यांना कोण अडवणार? पण पाय पुढे पडेना. आम्ही दोघी घागरी भरत होतो.

"पाजा, भावजी," आत्याबाई म्हणाल्या. "पानी गावाचं हाय. फकस्त जाताना भिंतीच्या सांध्यात बोट घालून बगा, चिखल लागतो का."

चुलत सासऱ्यांनी मान खाली घालून गुरं पाजली. बोट काही घातलं नाही. मी पुन्हा हसले, आणि या वेळी तोंडाला पदर लावला नाही.