आईमार्फत

लातूरला आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझा इंग्रजीचा क्लास. गेल्या उन्हाळ्यात तिथंच कोपऱ्यातल्या बाजेवर अण्णा, म्हणजे माझे वडील, येऊन बसले. जळकोटकडच्या शेतावरून आले होते, मोतीबिंदूसाठी. डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी लांबवलं तर नजर जाईल. तारीखही दिली होती. अण्णा हो म्हणेनात, नाही म्हणेनात.

आणि मी त्यांना विचारणार कसा? आमच्यात बाप-लेक समोरासमोर बोलत नाहीत. भांडण नाही, रीतच तशी. आजोबा आणि अण्णांचंही तसंच चालायचं. सगळं आईमार्फत. ‘त्याला म्हणावं, जेव.’ ‘त्यांना सांग, जेवलो.’ मधे आई भाकरी थापत बसायची आणि कुणाचा निरोप कुणाला द्यायची नाही, कारण दोघांनीही ऐकलेलंच असायचं. नेमकी तीच आता नांदेडला, माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती.

मग फोन सुरू झाले. एकदा मी फळ्यावर ‘आय गेव्ह अ पेन टू माय ब्रदर’ लिहून शिकवत होतो. पेन ही दिलेली वस्तू, भाऊ घेणारा, त्याच्या आधी टू. भाऊ पेनाच्या आधी आणला की टू गळतो. ‘एक्सप्लेन’ला मात्र ही सवलत नाही, तिथं ‘एक्सप्लेन इट टू मी’च. हे मी घसा बसेपर्यंत सांगतो आणि पोरं ‘सर, एक्सप्लेन मी’ म्हणतच घरी जातात. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नांदेडहून आई.

“ते विचारायलेत, हे सारखं टू टू काय लावलंय म्हणून.”

अण्णा चार हातांवर, मोबाइल हातात धरून बसलेले. मी आईलाच, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, “आपण माणसाच्या मागं ‘ला’ लावतो, इंग्रज पुढं टू लावतो.” अण्णांनी मान हलवली. पोरं खुदखुदली. मला मात्र रागच आला. डोळ्यांचं राहिलं बाजूला आणि टूची चौकशी!

शेवटी आईच वैतागली. “मी बाळंतिणीचं बघू का तुमचे निरोप वाहू? आता मला फोन करू नका.” आणि खरंच उचलेना.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी रिक्षा दारात आली. अण्णा धोतर नेसून तयार, पण बाजेवरून उठेनात. त्यांनी आईला फोन लावला. पुन्हा लावला. मग मोबाइल मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाले,

“त्याला म्हणावं, भ्याव वाटायलंय.”

खोलीत आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. मी खाली बसलो, त्यांच्या चपला पायांजवळ सरकवल्या.

“अण्णा, मी हाय की संगं.”

ते माझ्या खांद्यावर हात टेकून उठले. रिक्षात त्यांनी माझा हात धरला. तो दवाखान्यापर्यंत सोडला नाही.