मामांच्या कानातला तंबोरा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यजमानांना नाही, लेकीला नाही, देवापुढं हात जोडतानाही नाही — तिथं तर मी हटकून दुसराच विषय काढते. आज तुम्हाला सांगतेय, आणि सांगताना मधूनमधून मला हसू येणार आहे. त्याला माझा इलाज नाही. गोष्टच तशी आहे — अर्धी तरी.

कर्जतला, दहिवलीच्या रस्त्यावर, आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान यजमानांचं, पण ते गिऱ्हाइकांच्या घरी गेले की सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात. लग्न होऊन आले तेव्हा मला साधा बल्ब बदलता येत नव्हता. चार वर्षांत मी नुसत्या वासावरून सांगायला लागले, आत काय जळलंय ते. मला त्याची भारी घमेंड होती. अजून आहे — आता खोटं कशाला बोलू?

माझे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, कडावला राहायचे. गावच्या भजनी मंडळाचे ते बुवा. साठी उलटली आणि त्यांचे कान गेले. भजन काही सोडेनात. हरिभाऊंची पेटी एकीकडं, मामा भलतीकडं, आणि मंडळी माना खाली घालून टाळ जोरात वाजवायची. हसायचं नाही आणि बोलायचंही नाही, अशी सगळ्यांची पंचाईत.

मी ठरवलं, मामांना ऐकू येईल असा डबा आपण करायचा. समोर माइक, मध्ये अँप्लिफायर, कानाला हेडफोन. यजमानांनी कागदावर आकृती काढून दिली आणि बजावलं — ट्रान्सफॉर्मर माइकच्या तारेपासून लांब ठेव, कंडेन्सर मोठा घाल, सगळं पत्र्याच्या डब्यात बसव. पण मला पत्रा नको होता! मला हवा होता सागवानी डबा, पॉलिश केलेला, देवळात शोभेल असा. सुताराकडून करून आणला, तर तो निघाला लहान. मोठा कंडेन्सर मावेना, लहान घातला. ट्रान्सफॉर्मर माइकच्या तारेला खेटून बसवला. झाकण लावल्यावर डबा इतका देखणा दिसला की यजमानांना मी तो उघडूच दिला नाही.

एकादशीच्या संध्याकाळी कडावच्या देवळात मामांच्या टोपीवरून हेडफोन चढवला आणि बटण दाबलं. मामा दचकले. मग त्यांचे डोळे हे एवढे मोठे झाले. "आगं, ऐकू येतंय! हरीची पेटी ऐकू येतेय!" सगळं देऊळ हसलं, मामा रडले, मीही रडले. तितका आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झालाय. आणि मग मामांनी विचारलं, "पन सूनबाय, मागं ह्ये घुमतंय त्ये काय गं?"

मला ठाऊक होतं ते काय. हमिंग. विजेची घरघर, माझ्या चुकीच्या मांडणीतून थेट त्यांच्या कानात शिरलेली. शिकाऊ माणसानं करावी अशी चूक! अख्खं गाव माझ्याकडं कौतुकानं बघत होतं — कसं म्हणू की माझं काम चुकलंय? मी म्हटलं, "तंबोरा आहे मामा. मी आत बसवलाय."

एवढंच असतं, तर तुम्हाला कशाला सांगत बसले असते?

मामा त्या तंबोऱ्यावर बेहद्द खूश. आणि गंमत म्हणजे ते सुरात गायला लागले! मंडळाची नेहमीची पट्टी पांढरी पाच. घरघरीचा सूर त्याच्या किंचित वर. मामा तो घट्ट धरून गायचे, खणखणीत. खालापूरपर्यंत बोलावणी येऊ लागली. लोक डबा बघायला गर्दी करायचे आणि मी शेजारी नव्या साडीत मिरवायची.

पेटीवर हरिभाऊ असायचे. मामांचे शेजारी, वीस वर्षं मंडळात वाजवणारे. कुणीही गुणगुणलं की डोळे मिटून त्याची पट्टी सांगायचे. त्यांना मामा म्हणाले, "हरी, तुजी पेटी उतरलेय रं. तंबोऱ्याशी लागत नाय."

बुवा सांगतोय, आणि तंबोरा तर मशीनचा. मशीन कसं चुकेल? हरिभाऊंनी पेटी खोलली. पितळी रीड टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. त्यांनी एकूण एक रीड कानशीनं टोकाशी घासली. आठ दिवस तेच. पेटी तंबोऱ्याशी चपखल लागली. मग उन्हाळा आला. सगळीकडं विजेवर भार वाढला की तिची गती जरा मंदावायची आणि घरघरीचा सूरही खाली यायचा. "हरी, आता चढली रं तुजी पेटी!" हरिभाऊंनी सगळ्या रीड बुडाशी घासल्या. पावसाळ्यात पुन्हा उलटं. बायकांत बसून मी पदर तोंडात कोंबायची. हो, हसायची मी. भला माणूस कानस घेऊन विजेच्या मागं धावत होता, आणि ते कळत होतं फक्त मला.

एका सकाळी हरिभाऊ दुकानात आले. यजमान बाहेर गेले होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "वैनी, माजा कान गेला वाटतं. मला पेटी लागलेली वाटते, पन ती लागलेली नसते. तुमचं मशीन काय खोटं बोलनार नाय."

एक वाक्य पुरलं असतं. पंधरा मिनिटांत डबा दुरुस्तही झाला असता — पण मग तंबोरा बंद पडला असता, मामांनी कारण विचारलं असतं, आणि माझं काम चुकलं होतं हे गावाला कळलं असतं. तर मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "हरिभाऊ, तुम्हालाही एक डबा करून देऊ का?"

ते हसले. नको म्हणाले. पुढच्या एकादशीला त्यांनी पेटी दुसऱ्याच्या पुढ्यात सरकवली आणि स्वतः टाळ घेऊन मागं बसले. टाळाला पट्टी लागत नाही.

मामा पुढं सात वर्षं गायले. तंबोऱ्याच्या नादात, अगदी मजेत गेले. त्यानंतर मी डबा उघडला आणि पंधरा मिनिटांत घरघर बंद केली. तेव्हा तरी सांगायचं होतं. हरिभाऊ दर बाजाराला दुकानावरून जायचे, हाक मारायचे, माझ्या हाताचं कौतुक करायचे.

टाळ मात्र ते अखेरपर्यंत हौसेनं वाजवत राहिले. भजन रंगलं की मान डोलायची. मध्येच कुणी बेसूर झालं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची — आणि लगेच मिटायची, कारण त्यांना वाटायचं, चूक आपल्याच कानाची आहे. चूक त्यांच्या कानाची कधीच नव्हती. मी समोर बसून ती आठी मिटताना बघत असे.