गाडी कशामुळं विकली

नऊ वर्षांत मी अकरा मोटारसायकली बदलल्या. हा हिशोब बायकोचा आहे. मला कुणी विचारलं असतं तर मी सहा-सात सांगितल्या असत्या आणि त्या मला खऱ्याही वाटल्या असत्या.

नांदेडला एका रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये मी कामाला आहे. रोज उमरीपर्यंत जाऊन आजूबाजूच्या दवाखान्यांतून नमुने गोळा करून आणायचे, हे माझं काम. त्यामुळं गाडी लागतेच. पण लागणं वेगळं आणि बदलणं वेगळं. दसऱ्याला घेतलेली गाडी माझ्याकडं पुढच्या दसऱ्यापर्यंत टिकली तर खूप. तिच्यात काही बिघाड झालेला नसायचा. सकाळी फडकं घेऊन गाडी पुसता पुसता एखाद्या दिवशी वाटायचं, झालं हिचं. त्या दिवसापासून माझी नजर रस्त्यावरच्या दुसऱ्यांच्या गाड्यांवर जायची, आणि महिन्याभरात ही विकून दुसरी दारात उभी असायची. असं का होतं, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

एका शनिवारी सकाळी मी भाजी आणायला बाजारात गेलो. वांगी घेतली, मेथी घेतली, पिशवी हँडलला अडकवली, किक मारली आणि घरी आलो. वाटेत सीट जरा मऊ लागली खरी. पण डोक्यात लॅबमधलं काहीतरी घोळत होतं, त्यामुळं तिकडं लक्ष गेलं नाही. बायको दारात तांदूळ निवडत बसली होती. ती सूप बाजूला ठेवून उठली.

"ही कुठून आणली?"

"कोणती?"

"ही. ही तर आपण विकली ना?"

मी खाली पाहिलं. गाडी काळी होती. माझी हल्लीची गाडी राखाडी. ही काळी मी दोन महिन्यांपूर्वी एका शेरवानी शिवणाऱ्या चाचांना विकली होती. जुन्या गावातलं त्यांचं दुकान त्यांच्या वडलांच्याही आधीपासूनचं. सीटवर आता मरून रंगाचं, कडेनं नीट टीप मारलेलं नवं कव्हर होतं. ते त्यांनीच शिवलं असणार. विकताना मी त्यांना दोन चाव्या दिल्या होत्या. पण मध्ये एकदा चावी सापडत नव्हती म्हणून मी तिसरी करून घेतली होती, ती जुडग्यात तशीच राहिली. हात सवयीनं त्या चावीवर गेला आणि पाय सवयीनं त्या गाडीकडं.

तसाच उलटा फिरलो. बाजारात माझी राखाडी गाडी होती तिथंच उभी होती, आणि तिच्यापासून चार हातांवर, रिकाम्या जागेपाशी, चाचा उभे होते. दाढी पांढरी, हातात कोथिंबिरीची जुडी. दोन-तीन माणसं त्यांना ठाण्यात जायला सांगत होती. मी त्यांच्याच गाडीवरून समोर येऊन थांबलो. एकानं लगेच हँडल धरलं.

चाचांनी गाडीच्या सीटवरून हात फिरवला. मग हळूच विचारलं, "परत न्यायला आल्ते काय?"

"न्हाई चाचा. चुकून नेली."

"चुकून?" हँडल धरलेला माणूस म्हणाला. "गाडी चुकून नेतात व्हय?"

"सोडा त्यांना," चाचा म्हणाले. "ओळखीचे हायत. ह्यांनीच इकली मला."

त्यानं तो माणूस अजूनच गोंधळला. विकलेली गाडी विकणाराच घेऊन जातो आणि परत आणून देतो, हे त्याला कुठं बसवावं ते कळेना. मलाही कळत नव्हतं. मी जुडग्यातली चावी काढून चाचांच्या हातात दिली, दहा वेळा माफी मागितली. माणसं पांगली. चाचा मात्र गाडीवर बसेनात. मला हाताला धरून त्यांनी चहाच्या टपरीवर नेलं.

"आता भेटलेच हाव तर एक खरं सांगा," ते म्हणाले. "गाडी कशामुळं इकली?"

"असंच."

"असंच कुणी इकत न्हाई. आठ महिन्यांत चांगली गाडी कोण इकतंय? माझी आधीची गाडी मी एकवीस वर्षं ठेवली. सामान मिळेना झालं तवा सोडली. तुम्ही सांगा, हिच्यात काय खोट हाय?"

"काही नाही चाचा. मन भरलं, एवढंच."

"मन भराया ती काय जेवण हाय?"

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन महिन्यांत त्यांनी ती गाडी तीन मिस्त्र्यांना दाखवली होती. तिघांनीही गाडी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं होतं. चाचांचा विश्वास बसला नाही. कुठंतरी काहीतरी दडलेलं असणार, नाहीतर लॅबमधला शिकलेला माणूस कशाला विकेल? त्या भीतीनं ते सायकलच्या चालीनं गाडी चालवत होते. चाचींना मागं बसवणं त्यांनी बंद केलं होतं. चाचींची बहीण देगलूर नाक्यापलीकडं राहायची. तिच्याकडं चाची ऑटोनं जायच्या आणि चाचा मागून गाडीवर एकटे.

"रोज ऐकून राहिलो मी," ते म्हणाले, "पर मला कायबी ऐकू येत न्हाई. तुम्हाला ठाव हाय. तुम्ही सांगत न्हाई."

मी पुन्हा सांगितलं, काही नाही. माझ्या अकरा गाड्यांची गोष्ट सांगितली. ती ऐकून तर त्यांचा चेहरा आणखीच उतरला. एक गाडी खोटी निघू शकते, पण अकरा? त्यांना वाटलं, मी थाप मारतोय. आणि खरं सांगायचं तर तेव्हा माझं मलाही ते थाप मारल्यासारखंच वाटलं. खरंच, का विकली होती मी ती? सकाळची वेळ आठवली, फडकं आठवलं. कारण आठवेना.

चाचा कपाकडं बघत बसले होते, चहा गार झाला होता. तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "आवाज होता."

त्यांनी मान वर केली.

"बारीक. किर्र असा. पुढच्या चाकापाशी. तिसऱ्या गिअरला."

"हाव?"

"हाव. विकताना सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

चाचांना राग येईल असं वाटलं होतं. पण त्यांनी मोठा श्वास सोडला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता कळलं," म्हणाले. एवढा हलका झालेला माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. ते गाडीला किक मारून गेले, आणि मी राखाडी गाडीवर बसून विचार करत राहिलो, की मी आत्ता बरं केलं की वाईट. आवाज वगैरे काही नव्हता. मी तो टपरीवर बसून तयार केला होता.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. मी उमरीच्या वाटेवर होतो, गाडी कडेला घेतली.

"मिस्त्रीनं चाक उघडलं," ते म्हणाले. "बेरिंग गेलेलं निघालं. तुम्ही म्हणाले तितंच. अजून महिना चालिवली असती तर चालत्या गाडीचं चाक जाम झालं असतं म्हणला. कालच चाचीला मागं बसवून आणलं."

मी "बरं झालं" म्हणालो आणि फोन ठेवला. बाजूनं उसाचे ट्रॅक्टर जात होते. मिस्त्रीनं काम काढायचं म्हणून काढलं असेल का? की बेरिंग खरंच गेलं होतं, आणि मला तो आवाज माझ्याही नकळत ऐकू येत होता, म्हणून मी गाडी विकली? मग बाकीच्या दहा गाड्यांमध्येही काही होतं का? मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला रात्री मिक्सरचा आवाज ऐकू येत नाही, बेरिंगचा काय येणार?" तेही खरंच होतं.

पण चाचांनी ही गोष्ट त्यांच्या गल्लीत सांगितली. जुनी गाडी घ्यायची असली की कुणी ना कुणी माझ्याकडं यायला लागलं. "साहेब, जरा ऐकून सांगा." मी नाही म्हणालो तरी ते ऐकत नव्हते, उलट मला नम्र समजायचे. मग मी वाकायचो, कान लावायचो, आणि काहीतरी सांगायचो: चेन आवळून घ्या, ऑइल बदला. असं सांगून कुणाचं नुकसान होत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात मी लातूरला भावाकडं गेलो होतो. त्याच्यापर्यंतही ही कीर्ती पोचली होती. मुरुडला एकाला गाडी विकायची आहे, मी घेईन म्हणतो, तू ऐकायला चल, म्हणाला. आम्ही गेलो. गाडीवाले शेतकरी होते, सत्तरीच्या जवळचे. चौदा वर्षं एकच गाडी. गुडघ्यांमुळं आता पाय टाकून बसता येत नाही म्हणून विकत होते. गाडी त्यांनी धुऊन अंगणात उभी केली होती. टाकीवर एक ओरखडा नव्हता.

त्यांनी किक मारून दिली. मी वाकलो. इंजिन एका लयीत चालत होतं. मी डोळे मिटून ऐकलं, मागं जाऊन ऐकलं, पुढच्या चाकापाशी बसून ऐकलं. भाऊ माझ्या तोंडाकडं बघत होता. या वेळी मी ठरवलं, उगीच काही जोडून सांगायचं नाही.

"मला काही कळत नाही," मी म्हणालो. "खरंच कळत नाही."

भावानं माझ्याकडं पाहिलं, मग गाडीकडं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "समजलं. त्यांच्या तोंडावर बोलायला नको, राहू दे." आणि त्यांना म्हणाला, "काका, विचार करून कळवतो."

"आरं, मला खरंच..." मी म्हणत होतो, पण तो फाटकापर्यंत पोचला होता.

काकांनी गाडी बंद केली. ते माझ्यावर चिडले नाहीत. सीटवर हात ठेवून उभे राहिले आणि मला म्हणाले, "चौदा वर्षं हिनं एक तक्रार केली न्हाई. तुम्हाला काय ऐकू आलं, तेवढं तरी सांगून जावा."

मी काही ऐकू आलं नाही असं दोनदा सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण टपरीवरच्या चाचांसारखा अविश्वास तिच्यात नव्हता. मला कळत होतं की ते मला खोटं पाडत नाहीत, फक्त वाट बघताहेत. भाऊ बाहेरून हाका मारत होता. मी चपला घातल्या आणि निघालो. लातूरला येईपर्यंत भाऊ मला विचारत राहिला की नेमकं काय होतं, इंजिन की गिअर, आणि मी त्याला काय सांगावं हे ठरवत राहिलो.