शरणम्माला पटत नव्हतं

चाकूरच्या बाजारात शरणम्माचं किराणा दुकान आहे. नवरा गेल्यापासून ती एकटीच चालवते. गुळाची ढेप आतून बघितल्याशिवाय घेणार नाही, डाळ दाताखाली धरल्याशिवाय पोतं उतरवू देणार नाही. माणसांच्या बाबतीतही तसंच. कुणाच्या शब्दावर ती सहजी जात नाही.

सून अक्षरा आठव्या महिन्यात होती. मुलगा मल्लेश कामाला लातूरला. एका दुपारी अक्षराचं पोट एकदम आवळून आलं, दगडासारखं कडक झालं. शरणम्मा तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली.

उज्वला सिस्टरनी तपासलं. "सरावाच्या कळा आहेत, मावशी. पाणी पिलं, कूस बदलली की थांबतात. खऱ्या कळा थांबत न्हाईत. ठरल्या वेळानं येतात, जोर वाढत जातो. तासात चार-पाच आल्या, अंगावरून पाणी गेलं, रक्त दिसलं, तर लगेच या. दुसरं काही दुखलं-खुपलं तरी या."

गर्दी आहे म्हणून आपल्याला कटवलं, असंच शरणम्माला वाटलं. घरी ती घड्याळ घेऊन सुनेजवळ बसू लागली. कळ यायची, अक्षरा पाणी पिऊन डाव्या कुशीवर व्हायची, थोड्या वेळात पोट सैल पडायचं. सिस्टरचं खरं निघालं.

मग संशय सुनेकडे वळला. अक्षरा आता दोन घोट पिऊन पेला बाजूला ठेवत होती. सारखी न्हाणीत जात होती, अन् बाहेर आली की तोंड उतरलेलं. विचारलं तर म्हणायची, "सरावाच्याच कळा हायत, आत्या."

चौथ्या दिवशी शरणम्मानं तिच्या पोटावर हात ठेवला. "पोट तर मऊ हाय. मग दुखायलंय काय? काय लपवायलीस?"

अक्षरा खाली बघत राहिली. "लघवीला लई आग होती. घडीघडी जावं लागतं, म्हणून पाणी कमी केलं."

"आन् सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही नाटक म्हणला असता."

 शरणम्मानं दुकानाचं शटर ओढलं अन् सुनेला घेऊन दवाखाना गाठला.

तपासणीत लघवीत जंतू निघाले. "बरं झालं आणलंत," सिस्टर म्हणाल्या. "अंगावर काढलं असतं तर यानंच दिवस भरायच्या आधी खऱ्या कळा सुरू होऊ शकल्या असत्या." गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्यायला सांगितलं. आठवड्यात आग थांबली.

तपासणी झाली त्याच संध्याकाळी शरणम्मानं मल्लेशला फोनवर सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "ती म्हणती, मी नाटक म्हणले असते. म्हणलेच असते रे."

दिवस भरल्यावर अक्षराला मुलगी झाली.